माझ्या लाळेचा निकाल

मुलीने बारावीनंतर बायोकेमिस्ट्रीला जायचं ठरवलं तेव्हा घरात सर्वांत जास्त आनंद मला झाला होता. बायको म्हणालीसुद्धा, "ॲडमिशन तिची झाली आहे, तुमची नाही." पण तिला काय सांगणार. मी केमिस्ट्रीचा बीएस्सी. बडोद्याजवळ वाघोडियाच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोल बघतो, म्हणजे दिवसभर ब्युरेटमधून थेंब सोडायचे आणि रंग बदलला की आकडा लिहायचा. या कामाबद्दल आजवर मला कुणी काही विचारलेलं नाही. आमचे पूर्वज बडोदा संस्थानच्या फौजेत होते असं म्हणतात. त्यांच्या तलवारींबद्दल नातेवाईक अजून विचारतात, आणि त्या तलवारी कुणी पाहिलेल्या नाहीत. माझं ब्युरेट रोजचं, खरंखुरं, पण त्याच्या वाट्याला एक प्रश्न नाही.

आता घरातच विद्यार्थी तयार होणार होता. मी मांडवीच्या बाजारातून एक पांढरा बोर्ड आणि मार्कर आणले आणि जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर ठोकून बसलो वाट बघत.

पहिल्या सेमिस्टरला एकदा तिने विचारलं. "बाबा, बफर म्हणजे काय, थोडक्यात सांगा ना." थोडक्यात हा शब्द मला ऐकूच आला नाही. मी अणूपासून सुरुवात केली. बोर्ड भरला, पुसला, परत भरला. बायको दोनदा ताट वाढायला येऊन गेली. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, टेस्ट उद्या आहे, आणि तुम्ही अजून हायड्रोजनवरच आहात."

त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. बोर्डावर गॅसचा सिलिंडर कधी लावला त्याची तारीख आली. पुढे इस्त्रीला दिलेले कपडे आले. मी दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत राहिलो. त्या वेळी मला आयुष्यात बाकी फार काही नको होतं. बढती राहिली होती, पण ती राहण्याची सवय झाली होती. मुलीने एकदा, नुसतं एकदा, वही घेऊन माझ्यासमोर बसावं आणि म्हणावं, बाबा, हे काय ते सांगा.

ती बसत होती. माझ्यासमोर नव्हे एवढंच.

हे मला कळलं ते मिक्सरमुळे. आमचा मिक्सर बिघडला की तो पाणीगेटला जातो, कारण तिथे माझ्या मेव्हण्याचं, बायकोच्या धाकट्या भावाचं, पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस कॉमर्सचा. विज्ञानाशी त्याचा संबंध शॉक बसण्यापुरता. एका संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून मी मुद्दाम पाणीगेटला उतरलो, मिक्सर घ्यायला. दुकानाबाहेर मुलीची ॲक्टिवा उभी. रोज घरी यायला तिला उशीर का होतो ते विचारलं की "ट्रॅफिक हतो" असं गुजरातीत सांगून ती मोकळी होत असे. तो ट्रॅफिक हा.

आत मुलगी स्टुलावर बसली होती, मांडीवर वही. मामा समोर, दातांत पेचकस धरून मोटर उघडत होता. मी शटरच्या कडेला थांबलो. चोरून ऐकायचं म्हणून नव्हे. म्हणजे, होय, चोरून ऐकायचंच म्हणून.

"थांब, थांब," त्याने पेचकस काढला. "म्हणजे हा एन्झाइम स्वतः काही खात नाही?"

"नाही रे."

"दोन पार्ट्या भेटवतो, सौदा करून देतो, आणि जसा आला तसा मोकळा?"

"हो, आणि लगेच पुढच्या सौद्याला तयार."

"मग दलाल म्हण ना सरळ. फक्त दलाली न घेणारा. असा बडोद्यात एक दाखव मला, आज दुकान बंद करून त्याच्या पाया पडतो."

मुलगी इतकी हसली की वही खाली पडली. ती उचलून तिने समासात काहीतरी लिहिलं. दलाल असंच लिहिलं असणार. मी एन्झाइमची व्याख्या तिला किती सुंदर सांगितली असती. त्यात एकही दलाल आला नसता.

मला बघून मामा म्हणाला, "आवो, आवो भाऊजी. बसा. तुमची पोरगी आम्हाला कॉलेज शिकवतेय. फी पण घेत नाही."

"तू खारी शिंग देतोस की," ती शेंगदाण्यांची पुडी दाखवत म्हणाली.

त्याला ती अरे-तुरे करते. मला अहो-जाहो. ही वळणं लहानपणीच पडतात आणि त्यात काही नसतं, हे मला माहीत आहे. तरी त्या दिवशी मिक्सर मांडीवर घेऊन तिच्या ॲक्टिवाच्या मागे बसलो तेव्हा ते कानात वाजत होतं.

पुढची दीड-दोन वर्षं मला मुलीच्या शिक्षणाच्या बातम्या पाणीगेटहून मिळत गेल्या. मामा भेटला की सहज सांगे. "भाऊजी, तिला ते पिपेट आता झक्कास जमतं हां." किंवा, "परवा तिच्या हातून दुधातलं प्रोटीन काय सुंदर खाली बसलं म्हणे. तुम्हाला नाही सांगितलं?" मला नाही सांगितलं. मला सांगितलं होतं की चहा संपला आहे. मी "हो, बोलली होती," असं म्हणायचो आणि घरी येऊन बायकोशी बारीकसारीक गोष्टींवरून भांडायचो.

"तो तिला काही समजावू शकतो का?" मी एकदा म्हणालो. "एक तरी फॉर्म्युला येतो त्याला?"

"म्हणूनच जाते," बायको म्हणाली. "त्याला येत नाही, म्हणून तिला सांगता येतं. तुम्हाला काही सांगायला गेलं की तुम्ही आधीच तिथे जाऊन बसलेले असता."

हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी ते बरेच दिवस लक्षात ठेवलं.

शेवटच्या वर्षी तिला एक छोटा प्रोजेक्ट होता. आपल्या लाळेत पिठूळ पदार्थ पचवणारा एक एन्झाइम असतो, अमायलेज. पोळी फार वेळ चावली की गोड लागते ती त्याच्यामुळे. तिला वेगवेगळ्या वयाच्या लोकांची लाळ गोळा करून बघायचं होतं की कुणाचा अमायलेज किती वेगाने काम करतो. पद्धत साधी. स्टार्चच्या पाण्यात लाळ टाकायची, आणि थोड्या थोड्या वेळाने त्यातला एक थेंब आयोडीनवर सोडायचा. स्टार्च शिल्लक असेल तर रंग निळा होतो. सगळा स्टार्च पचला की निळा येणं बंद, फक्त आयोडीनचा पिवळा राहतो. ज्याचा निळा लवकर जातो त्याची लाळ तेज. हे सगळं तिने जेवताना आईला सांगितलं. मी कोशिंबीर मागायच्या निमित्ताने ऐकलं.

आयोडीन, स्टार्च, निळा रंग. आमच्या कारखान्यात दुसरं असतं काय. निळा घालवायचाच मला पगार मिळतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "शनिवारी सकाळी तुम्हा दोघांची आणि मामाची घेणार आहे."

मामा शनिवारी आमच्या आधी उठून पाणीगेटहून आला. मुलीने बर्फाचा डबा उघडला, झाकणाच्या छोट्या नळ्या काढल्या, त्यांवर नंबर. नियम सांगितले. उठल्यापासून काही खायचं नाही, प्यायचं नाही, पाण्याने चूळ भरायची, मग मान खाली घालून शांत बसायचं आणि तोंडात जमेल तसं नळीत सोडायचं. थुंकायचं नाही. तिच्या मॅडमनी हे बजावून सांगितलं होतं.

बायकोने देवाला फुलं वाहावीत तशी शांतपणे नळी भरून दिली. मामाने मान खाली घातली आणि लगेच वर काढली.

"झाली. अजून हवी का? ताई, हिला एक डबी दे, घेऊन जाऊ दे भरून."

"बस, बस मामा," मुलगी हसत म्हणाली. "तू तर खजिना आहेस."

खजिना.

मग माझी पाळी. आणि माझं तोंड कोरडं. मी, ज्याच्या गोष्टींना घाबरून लोक लग्नाच्या पंगतीत जागा बदलतात, त्याच्या तोंडात एक थेंब नाही. मान खाली घालून बसलो. मानेला रग लागली. नळीच्या तळाशी फक्त फेस. मामा वर्तमानपत्र उघडून बसला होता, पण त्याचं लक्ष माझ्या नळीकडे होतं याची मला खात्री होती.

"भाऊजी, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "आरामसे. चिंचेचा विचार करा."

"मला एकट्याला बसू दे जरा," म्हणून मी नळी घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

ओट्यावर पोह्यांची तयारी होती. चिरलेला कांदा, कोथिंबीर, आणि दोन फाकी करून ठेवलेलं लिंबू. चिंचेचा विचार करण्यापेक्षा लिंबू जवळ होतं. नियम खाण्याचा होता, चोखण्याचा नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. एक फाक तोंडात धरून पिळली आणि काय सांगू, जबड्याच्या कोपऱ्यांतून पाट वाहायला लागले. ते सगळं, लिंबासकट, मी नळीत सोडलं. मामाच्या नळीपेक्षा माझी काठोकाठ जास्त भरली. बाहेर येऊन मी ती मुलीच्या हातात अशी दिली की जणू गड जिंकून आलोय. ती म्हणाली, "वा बाबा," आणि त्या दोन शब्दांवर मी दिवसभर कारखान्यात शीळ घालत काम केलं.

संध्याकाळी घरी आलो तर मुलगी दारातच.

"बाबा, तुमचा रिझल्ट भन्नाट आहे. पहिल्याच थेंबाला निळा गायब. मॅडमपण बघायला आल्या."

"मामापेक्षा लवकर?"

"मामाचा चांगला होता. पण तुमच्यासमोर काहीच नाही."

मी बूट काढले. शांतपणे काढले. बायको म्हणते मी एक बूट काढून दुसरा तसाच घालून घरभर फिरत होतो, पण तिची सांगण्याची पद्धत अशीच आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिक्सर नीट चालत होता, तरी मी तो पिशवीत घालून पाणीगेटला नेला. म्हटलं, आवाज जरा वेगळा येतोय. मामाने तो चालवून पाहिला, कान लावला, म्हणाला, "काही नाही याला." मग मी सहज, अगदी सहज, म्हणालो, "कालचा रिझल्ट आला वाटतं."

"हो, फोन आला होता तिचा. भाऊजी, तुम्ही तर हद्द केलीत. मला आधीच वाटलेलं. एवढं बोलतो माणूस, त्याच्या तोंडात काहीतरी असणारच." आणि त्याने माझ्यासाठी कोपऱ्यावरून सेव-उसळ मागवली, तर्री जास्त. त्याच्या तोंडावर दुःखाची एक रेघ नाही. मी इतक्या लांब मिक्सर उचलून आणला होता, थोडं तरी वाईट वाटायला काय हरकत होती.

ते आठ-दहा दिवस मी सुखात होतो. जेवताना सावकाश चावायचो, लोकांना दिसेल असं. कारखान्यात लॅबमधल्या मुलांना आनुवंशिकतेबद्दल दोन शब्द सांगितले. रोज फ्लास्कमध्ये निळा रंग येत होता, रोज मी तो घालवत होतो, आणि या कामाचा आणि त्या नळीचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं रिकामं नव्हतं. विजयाने भरलेलं होतं.

मग एका संध्याकाळी मुलगी उशिरा आली आणि मामाकडे न थांबता आली. चेहरा उतरलेला. बॅग खुर्चीवर टाकून ती माझ्याकडे आली. आईकडे नाही, फोनकडे नाही. माझ्याकडे.

"बाबा, एक विचारायचं होतं."

मी टीव्ही बंद केला. रिमोट सापडेना म्हणून प्लगच काढला.

"तुमची लाळ मी आज उकळली," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, एवढा वेगळा आकडा आहे तर कंट्रोल करून बघ. उकळल्यावर एन्झाइम मरतो, म्हणजे निळा राहायला हवा. सगळ्यांचा राहिला. तुमचा उकळूनसुद्धा लगेच गेला. मी तीनदा केलं. परवा मला हे सगळ्यांसमोर सांगायचं आहे. मॅडम म्हणाल्या, हा आकडा खरा असेल तर पहिला दाखव, खोटा असेल तर का खोटा ते शोधून ये. मला काहीच कळत नाहीये. तुम्ही रोज आयोडीन वापरता ना? हे असं का होईल?"

हाच तो दुसरा प्रश्न. मी किती दिवस त्याची वाट बघितली होती ते वर सांगितलंच आहे. या वेळी मात्र मी अणूपासून सुरुवात केली नाही. मला आयुष्यात प्रथमच थोडक्यात म्हणजे काय ते कळलं.

"उरलेली लाळ आहे?"

"बर्फात आणली आहे. आयोडीनपण आणलंय, मूळ बाटली आणि थोडं पातळ केलेलं. जाड घेतलं की निळा इतका गडद येतो की फरक दिसत नाही."

"बरोबर केलंस. चल."

बायकोने साबुदाणा उकळून त्याची पातळ पेज गाळून दिली. ओट्यावर पांढरी बशी ठेवली. मुलीने पेजेत माझी लाळ टाकली, आयोडीनचा थेंब बशीत घेतला, त्यावर मिश्रणाचा थेंब सोडला. निळा आला नाही. बशी पांढरीशुभ्र.

मी वाकून बघितलं आणि मला लख्ख दिसलं. "आता मला सांग, आयोडीनचा स्वतःचा रंग कोणता?"

"पिवळट."

"तो कुठे आहे?"

ती बशीवर वाकली. तोही नव्हता.

"एन्झाइम स्टार्च खातो," मी म्हणालो. "आयोडीन खात नाही. इथे आयोडीनच गेलं आहे. स्टार्चला हातही लागलेला नाही. अजून दोन-तीन थेंब आयोडीन टाक, मूळ बाटलीतलं."

तिने टाकलं. बशीत निळा उसळून आला, गडद, शाईसारखा, आणि तसाच राहिला. मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी तोवर फक्त पाणीगेटला, शटरच्या कडेने बघितली होती.

मी थांबायला हवं होतं. पण असा श्रोता समोर असताना मी कधी थांबलोय. जेवणाच्या खोलीत जाऊन बोर्डावरचं "गॅस बुक करणे" पुसलं आणि मार्कर घेतला.

"या नळीत असं काहीतरी आहे, जे आयोडीनला रंगहीन करतं. रिड्युसिंग एजंट. आमच्याकडे त्यासाठी थायोसल्फेट असतं. लाळेत ते कुठून येणार. मग उकळूनही थोडंफार टिकेल असं, खाण्यातलं काय आहे? तुम्ही मुलांनी सेकंड इयरला स्वतः केलं आहे. आयोडीनने मोजतात ते. व्हिटॅमिन सी." मी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. "आता व्हिटॅमिन सी कशात असतं? आवळ्यात, पेरूत, आणि..."

मार्कर बोर्डावर टेकलेला तसाच राहिला.

"लिंबात," मुलगी म्हणाली.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात गाळणी. "पोह्यांच्या दिवशी," ती सावकाश म्हणाली, "माझी एक फाक कमी होती. मला वाटलं, कचऱ्यात गेली."

मग मुलगी खुर्चीवर बसली.

"बाबा, मी सांगितलं होतं काही खायचं नाही."

"खाल्लं नाही. चोखलं."

"आठ दिवस मी तुमच्या नळीवर घालवले. मॅडमना बोलावून दाखवली." तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "का पण? थेंबभर दिली असतीत तरी चालली असती."

मामाने नळी इतक्या पटकन भरली, हे पन्नाशीला आलेल्या माणसाने तोंडाने कसं सांगायचं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला वाटतं तिला ते कळलं, कारण तिने पुढे विचारलं नाही. फक्त म्हणाली, "उद्या सकाळी परत द्या. मी समोर बसणार."

सकाळी ती समोर बसली. लिंबू, चिंच, आवळासुपारी सगळं कपाटात, कपाटाला कुलूप. मी थेंब थेंब दिलं. संध्याकाळी निकाल विचारला.

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे? मामापेक्षा..."

"आता नावं नाहीत, बाबा. नंबर आहेत. मॅडम रागावल्या, निकाल आधीच सांगायला नको होते म्हणाल्या. मामाला पण काही सांगितलेलं नाही मी."

म्हणजे पाणीगेटला मी अजून विजेताच होतो. या गोष्टीचा आनंद मानावा की नाही हे ठरेपर्यंत तो दिवस उजाडला.

ज्यांनी ज्यांनी लाळ दिली त्या सगळ्यांना डिपार्टमेंटने बोलावलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. मामा दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आला. बसलो ओळीने, बायको, मी, मामा. मुलगी पुढे इंग्रजीत बोलत होती, न अडखळता, हात कसे ठेवायचे ते कुणी शिकवलं तिला कोण जाणे. मामाला इंग्रजी जेमतेम, म्हणून तो दर दोन वाक्यांनी माझ्या कानाशी येई, "काय म्हणाली?" आणि मी मराठीत सांगे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्याकडून तिच्याबद्दल काही घेत होता. मी जरा ऐटीतच सांगत होतो.

पडद्यावर ठिपक्यांचा आलेख आला. मामाने सगळ्यांत वेगळ्या, सगळ्यांत लवकरच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. "तो तुम्ही, भाऊजी."

मी "हं" म्हणालो. तो ठिपका कुणाचा होता ते मला माहीत नव्हतं. माझा नव्हता एवढं माहीत होतं, आणि कुणाचा असेल याचा एक घाणेरडा संशय होता.

मग ती म्हणाली की एका व्यक्तीचा पहिला नमुना बाद करावा लागला, कारण त्या व्यक्तीने नळीत लिंबाचा रस मिसळला होता. सगळे हसले.

"काय म्हणाली? काय?" मामा.

मी सांगितलं. आपल्याच तोंडाने, शुद्ध मराठीत, एकही शब्द न गाळता.

मामा खुर्चीत गदगदून हसला. "कोण असेल हो असा?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो. बायकोने पर्समधून रुमाल काढून तोंडाला लावला.

एका सरांनी उठून मुलीला विचारलं की हे तुझ्या लक्षात कसं आलं. तिने हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाली, माझ्या लक्षात आलं नाही, मी माझ्या वडिलांना विचारलं, ते रोज आयोडीनवर काम करतात, त्यांनी बशीत एका मिनिटात दाखवलं. आणि तिने आमच्या ओळीकडे बघितलं. मागची दोन-चार डोकी वळली.

हे मामाला मराठीत सांगावं लागलं नाही. वडील आणि विचारलं, हे दोन शब्द त्याला इंग्रजीतही कळले. तो हसायचा थांबला.

"तुम्हाला विचारलं तिने," तो म्हणाला.

"हो."

"मला नाही कधी विचारत." तो हे हळू आवाजात, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला. "येते, बसते, सांगते, हसते. पण कधी काही विचारायचं म्हणून नाही आली. मला काय येतं म्हणा विचारण्यासारखं."

हे ऐकायला मिळावं म्हणून मी काय काय केलं होतं. बोर्ड, मिक्सर, लिंबू. आणि आता तो माझ्या शेजारी बसून त्याच वाटेने चालला होता ज्या वाटेवर मी एवढे दिवस होतो, आणि मला त्याचाही हेवाच वाटला. येते, बसते, सांगते, हसते. मला एक प्रश्न मिळाला होता. त्याच्याकडे रोजची संध्याकाळ होती, आणि ती त्याला कमी वाटत होती.

टाळ्या वाजल्या. मुलगी कागद गोळा करत होती.

"काय विचारलं तिने तुम्हाला नेमकं?" मामा माझ्याकडे वळला. "सांगा ना. पहिल्यापासून सांगा."

त्याने जागा बदलली नाही, घड्याळ बघितलं नाही. खुर्ची माझ्याकडे वळवून, हात मांडीवर ठेवून, ऐकायला बसला. आणि पहिल्यापासून सांगायचं तर सुरुवात लिंबापासून करावी लागणार होती.